वीस वर्षांची रेघ: सुरतेतले एक कुलूपबंद कपाट आणि त्यामागचे कायदे

ऑगस्ट २००६. उकाईतून सोडलेले पाणी तापीने सुरतेच्या अंगावर आणले, त्या आठवड्यातली ही गोष्ट. आमच्या भागात एक लहानसे मराठी वाचनालय आहे. नाव घेत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल थोडे वाकडे लिहायचे आहे, आणि त्या वाकडेपणात मीही सामील आहे. पाणी चढतेय म्हटल्यावर आम्ही सात-आठ जण धावलो. तळमजल्यावरच्या कादंबऱ्या, चरित्रे, दिवाळी अंकांचे गठ्ठे, ज्ञानेश्वरीच्या प्रती, सगळे हातोहात वरच्या मजल्यावर नेले. राहिले एकच लोखंडी कपाट. त्याला कुलूप होते, किल्ली कार्यवाहांकडे, आणि कार्यवाह नदीपलीकडे अडाजणला अडकलेले. कपाट पुस्तकांसकट उचलण्याच्या पलीकडे होते. कुलूप तोडू का, असे मी विचारले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "असू द्या. त्या पुस्तकांसाठी कुणी जीव धोक्यात घालू नये." कुणी वाद घातला नाही. मीही नाही.

पाणी ओसरल्यावर कपाट उघडले तेव्हा आत लगदा होता.

त्या कपाटाची आणि माझी ओळख जुनी. १९८४ साली मी चौदा वर्षांचा होतो. एके संध्याकाळी ते उघडे दिसले, आत जाड बांधणीचे खंड होते आणि पाठीवर लिहिले होते 'समाजस्वास्थ्य'. शाळेत जीवशास्त्राचा निबंध लिहायचा होता. स्वास्थ्य म्हणजे आरोग्य, एवढे मराठी मला येत होते. मी एक खंड मागितला. ग्रंथपाल काकांनी आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहिले.

"हे तुझ्यासाठी नाही, बाळ. वीस वर्षांच्या वरच्यांसाठी आहे. कायदा आहे."

"कुठला कायदा, काका?"

"सरकारचा."

मी स्थापत्य अभियंता झालो, पंपिंग स्टेशने आणि मलवाहिन्या यांत आयुष्य गेले. इतिहासाचा नाद उशिरा लागला. पण तो "सरकारचा कायदा" डोक्यात राहिला होता. गेल्या वर्षी वाचनालयाच्या समितीने मला मुलांच्या पुस्तक-देवघेवीचा नियम लिहून द्यायला सांगितले, तेव्हा म्हटले, आधी काका बरोबर होते का ते पाहू. मंडळासाठी लिहिलेला हा निबंध त्या शोधातून आला.

शाळेत गाळणी आधी आली

सुरतेतले अँड्र्यूज लायब्ररीचे साल १८५०. म्हणजे आपल्या शहरात सार्वजनिक वाचनालय आले तेव्हा अश्लील पुस्तकांविषयी कायदा नव्हता. तो आला १८५६ साली, त्या वर्षीचा पहिलाच कायदा म्हणून. गंमत म्हणजे इंग्लंडचा स्वतःचा असा कायदा १८५७ चा. साहेबाने हे कुलूप आधी आपल्या दाराला लावले आणि मग स्वतःच्या. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ही तरतूद कलम २९२ म्हणून आली. देवळांवरची शिल्पे आणि देवाच्या रथांवरची चित्रे त्यातून वगळलेली होती. वाचकाच्या वयाचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. अश्लील ते सर्वांनाच वर्ज्य, मग वाचणारा सहा वर्षांचा असो की साठ.

मुलांची वेगळी काळजी त्या काळात कायद्याने घेतली नाही, ती शिक्षण खात्याने घेतली, आणि क्रमिक पुस्तकांतून घेतली. सुरतेच्या होप पुलावरून ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या त्यांना हे नाव ठाऊक आहे. १८७७ च्या त्या पुलाला ज्यांचे नाव मिळाले ते टी. सी. होप पुढे सुरतेचे कलेक्टर झाले, पण त्याआधी ते गुजरातेत शिक्षण खात्यात होते आणि गुजराती शाळांची 'होप वाचनमाला' त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली. कवी दलपतराम त्या कामात होते. तिकडे मराठीत परशुरामपंत गोडबोले यांचा 'नवनीत' हा वेच्यांचा संग्रह १८५४ साली निघाला आणि कित्येक पिढ्या शाळांतून वाचला गेला. वेचणे म्हटले की गाळणे आलेच. जुन्या कवितेत शृंगार भरपूर. शाळेच्या पुस्तकात काय उतरवायचे आणि काय मागे ठेवायचे, हे संपादकाने ठरवले. त्याला कुलूप लागले नाही, शिक्षा लागली नाही. मूळ ग्रंथ बाहेर होताच, हवा त्याने मिळवून वाचावा.

सुरतेच्या नर्मदाने तर स्वतःलाच गाळून ठेवले. 'मारी हकीकत' हे आत्मचरित्र त्याने १८६६ साली लिहिले. त्यात तो स्वतःविषयी इतके उघड बोलला आहे, की त्याने ते लोकांसाठी प्रसिद्ध केलेच नाही. ते बाहेर आले १९३३ साली, जन्मशताब्दीला. आज महापालिकेच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला कवी नर्मदाचे नाव आहे. ज्या पुस्तकाला लेखकाने स्वतः सदुसष्ट वर्षे कुलूप घातले, ते आता गुजराती आत्मचरित्राचा आरंभ म्हणून शिकवले जाते. काळ बदलला की कुलपाची जागा बदलते, याचे सुरतेपुरते हे चांगले उदाहरण आहे.

रेघ कुणी ओढली

काकांची 'वीस वर्षे' मला सापडली ती १९२५ च्या दुरुस्तीत. १९२३ साली जिनिव्हात अश्लील प्रकाशनांच्या व्यापाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. हिंदुस्थान सरकार त्यात सामील होते, म्हणून १९२५ साली दंडसंहितेची २९२ आणि २९३ ही कलमे नव्याने लिहिली गेली. नव्या २९३ मध्ये पहिल्यांदा वय आले. वीस वर्षांखालील व्यक्तीला अश्लील वस्तू विकणे, भाड्याने देणे, वाटणे, दाखवणे किंवा फिरवणे हा वेगळा गुन्हा ठरला. तसे करायचा प्रयत्नही गुन्हा.

'भाड्याने देणे' आणि 'फिरवणे' हे दोन शब्द वाचले आणि काकांचा चेहरा आठवला. महिन्याची वर्गणी घेऊन पुस्तके फिरवणारे वाचनालय या शब्दांत सरळ बसते. काका चुकीचे नव्हते. कायदा होता, वीस वर्षांचीच रेघ होती.

पण ती रेघ बाकीच्या रेघांशेजारी ठेवून पाहा. आम्हा अभियंत्यांना ही खोड असते, एका नकाशावरचे माप दुसऱ्यावर ठेवून बघायची. १८७५ च्या कायद्याने माणूस अठराव्या वर्षी सज्ञान. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा. १९४९ साली ते पंधरा झाले आणि १९७८ साली अठरा. म्हणजे जवळपास अर्धे शतक अशी स्थिती होती, की पंधरा वर्षांची मुलगी कायद्याने लग्न करून संसाराला लागू शकत होती, पण त्या संसाराबद्दल उघड बोलणारे पुस्तक न्यायालयाने अश्लील ठरवले असेल, तर ते तिला पुढची पाच वर्षे देणे हा गुन्हा होता. १९८९ साली मतदानाचे वय अठरा झाले. त्यानंतर खासदार निवडणारा मतदार हे पुस्तक मात्र मागू शकत नव्हता. एकाच माणसाच्या अंगावर सरकारने चार वेगवेगळ्या पट्ट्यांनी मापे घेतली होती.

हा नुसता कागदावरचा विनोद नव्हता. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ मध्ये सुरू केले. गणिताचे प्राध्यापक, संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेलेली, १९२१ पासून मुंबईत संततिनियमन केंद्र चालवलेले. मासिकात वाचकांचे प्रश्न येत, लैंगिक अडचणींबद्दल, आणि कर्वे सरळ उत्तरे देत. १९३१ आणि १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. दुसऱ्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. दोन्ही वेळा कर्वे हरले, दंड भरला आणि अंक काढत राहिले. १९५३ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत मासिक चालले. अश्लीलता वस्तूत नसते, ती बघणाऱ्याच्या मनात असते, हे त्यांचे म्हणणे. ते कुणाला पटो न पटो, मी चौदाव्या वर्षी जो खंड मागितला त्याची ही पूर्वपीठिका.

भुताखेतांच्या चित्रकथा आणि १९५६

स्वातंत्र्यानंतर मुलांसाठी म्हणून खास एक कायदा झाला, आणि आमच्या मंडळातही तो फार थोड्यांना माहीत होता. 'तरुण व्यक्ती (हानिकारक प्रकाशने) अधिनियम', १९५६. राष्ट्रपतींची संमती २८ डिसेंबर १९५६ ची. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला थोरले द्वैभाषिक मुंबई राज्य झाले होते. सुरत त्यात, नागपूर त्यात, औरंगाबादही त्यात. सुरत गुजरातेत गेली १ मे १९६० ला. तोपर्यंत सुरतेच्या आणि पुण्याच्या पोराने काय वाचू नये हे ठरवणारे राज्य सरकार एकच होते.

मी हा कायदा मिळवला तेव्हा वाटले, आता काकांचे कपाट यात पूर्ण सापडणार. वाचले तर भलतेच. यात शृंगाराचे नावच नाही! हानिकारक प्रकाशन म्हणजे चित्रांच्या मदतीने किंवा चित्रांशिवाय सांगितलेल्या अशा गोष्टी, ज्यांत मुख्यतः गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाण्या-भयानक घटना रंगवल्या आहेत, आणि ज्या एकंदरीत पाहता तरुण वाचकाला बिघडवतील. इथेही तरुण म्हणजे वीस वर्षांखालचा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. राज्य सरकार आपल्या मुख्य विधी अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन असे प्रकाशन जप्त ठरवू शकते, आणि ज्याचे नुकसान होते त्याने साठ दिवसांत उच्च न्यायालयात जावे.

याचे मूळ अमेरिकी 'हॉरर कॉमिक्स'मध्ये. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत त्यांच्यावर गदारोळ झाला. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचे मुलांना चित्रकथा बिघडवतात असे सांगणारे पुस्तक १९५४ चे, आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली तीही १९५४ चीच. ब्रिटनने १९५५ साली कायदा केला, आणि वर्षभरात आपण. आता शब्दशः घ्यायचे तर बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड वाचून ज्या पिढ्या मराठी वाचायला शिकल्या, त्यांच्या रहस्यकथांत गुन्हे नाहीत तर काय आहे? पण 'एकंदरीत' हा शब्द कायद्यात आहे आणि तोच महत्त्वाचा. रहस्यकथेत चोर पकडला जातो. एखादे पान काढून दाखवायचे नाही, सगळे पुस्तक तोलायचे, हे इथे लिहूनच ठेवले होते. तेच तत्त्व शृंगाराच्या बाबतीत न्यायालयात यायला आणखी तेरा वर्षे लागली.

मोठ्यांच्या पुस्तकाला मुलाची फूटपट्टी

इथे जरा थांबून इंग्लंडमधला १८६८ चा हिकलिन खटला सांगायला हवा, कारण आपली न्यायालये फार काळ त्याच मापाने मोजत होती. माप असे: ज्यांचे मन अशा प्रभावाला उघडे आहे आणि ज्यांच्या हातात हे पडू शकते, त्यांना ते बिघडवील का? नीट पाहा, या वाक्यात एक मूल लपलेले आहे. मूल प्रत्यक्षात समोर असायची गरज नाही. ते 'पडू शकते' या शब्दात बसलेले आहे.

१२ डिसेंबर १९५९ रोजी मुंबईत कुलाब्याच्या हॅपी बुक स्टॉलमधून 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ची एक प्रत विकली गेली. गिऱ्हाईक पोलिसांनी पाठवलेले, अर्थात प्रौढ. त्या वेळी सुरत मुंबई राज्यातच होती. दुकानाचे भागीदार रणजित उदेशी यांना वीस रुपये दंड झाला आणि वीस रुपयांसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६४ साली न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या निकालाने शिक्षा कायम राहिली. संपूर्ण प्रकरणात कुठेही मूल नव्हते, तरी माप त्याचेच लागले.

मग आली मराठी गोष्ट. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' छापून आली. पुण्यात तक्रार झाली, उच्च न्यायालयात लेखक दोषी ठरला. २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष सोडले. निकालात एक विचार आहे, तो मला सगळ्या शोधातला कळीचा वाटतो. न्यायालय म्हणाले, प्रौढांना आणि किशोरांनाही आज असे कितीतरी साहित्य उपलब्ध आहे ज्यात प्रेम आहे, शरीर आहे. केवळ उल्लेखाने पुस्तक अश्लील ठरायला लागले तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही. कुणी एखादा बिघडेल का हे पाहायचे नाही, ज्यांच्या हाती ते जाते त्या वर्गाचे काय होते ते पाहायचे, आणि कथा पूर्ण वाचायची. दिवाळी अंकातली एक कथा, तीही ज्यांना समीक्षक नाके मुरडत अशा लेखकाची, आणि तिने देशभराच्या वाचकांसाठी दार किलकिले केले.

त्याच १९६९ साली संसदेने दंडसंहितेत दुरुस्ती केली. विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठी असलेले प्रकाशन अश्लीलतेच्या व्याख्येतून वगळले. पण वीस वर्षांखालच्यांना देण्याची शिक्षा वाढवली: पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत, पुढच्याला सात. एकाच हाताने दार उघडले आणि उंबरठा उंच केला. मात्र कलम २९३ फक्त 'आधीच्या कलमातल्या' अश्लील वस्तूंना लागू होते. म्हणजे शास्त्रीय किंवा साहित्यिक पुस्तक जर आधीच वगळलेले असेल, तर ते मुलाला देण्यात गुन्हा नाही. हा मुद्दा बारीक आहे, पण ग्रंथपालाला रात्री झोप येण्याइतका महत्त्वाचा आहे. हिकलिनचे माप सर्वोच्च न्यायालयाने उघडपणे टाकून दिले ते २०१४ साली, अवीक सरकार प्रकरणात.

गुजरातेतही हे चालूच होते. चंद्रकांत बक्षी यांच्या 'कुत्ती' या कथेवर गुजरात सरकारने अश्लीलतेचा खटला भरला होता. राज्ये वेगळी झाली, फूटपट्टी एकच राहिली.

प्रत्येकाचा आपला सेफ्टी फॅक्टर

पूल बांधताना भार नक्की किती येईल हे माहीत नसते, म्हणून आम्ही सेफ्टी फॅक्टर धरतो. दहा टनांचा भार अपेक्षित असेल तर वीस टनांसाठी बांधतो. यात चूक काहीच नाही. गोंधळ होतो तो साखळीतला प्रत्येक जण दुसऱ्याला न विचारता आपापला फॅक्टर लावतो तेव्हा.

आमच्या कपाटाचे तसेच झाले. कायद्याने सज्ञान वयावर दोन वर्षे वाढवून वीस केली. न्यायालयाने मोठ्यांच्या पुस्तकात मूल कल्पून आणखी भर घातली. ग्रंथपालाने, आपल्याला कोर्टात कोण उभे करील या भीतीने, शंका येईल ते सगळे बाजूला काढले. समितीने पालकांच्या तक्रारीच्या भीतीने त्यावर कुलूप घातले. शेवटी पुलाचे खांब इतके जाड झाले की मधून पाणी जायला वाट उरली नाही.

दाखल-नोंदीचे रजिस्टर पुरात वाचले होते, कारण ते वर होते. त्यात साठेक नोंदींपुढे लाल पेन्सिलीची खूण होती. मी ती यादी बसून उतरवली. काकोडकरांच्या कादंबऱ्या, भाऊ पाध्यांचे 'वासूनाका', तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर'. इथवर समजू शकते, चौदा वर्षांच्या मुलाला 'सखाराम' मीही देणार नाही. पण त्याच यादीत गर्भारपण आणि बाळंतपणावरचे एका डॉक्टरांचे पुस्तक होते. मुलींच्या पाळीविषयी एक छोटी पुस्तिका होती. मुलांना वाईट स्पर्शापासून कसे जपावे, यावर पालकांसाठी लिहिलेले एक पुस्तक होते. आणि 'समाजस्वास्थ्य'. यांतले एकही पुस्तक १९६९ नंतर कायद्याने कुलपात जायला हवे होते असे मला वाटत नाही. कायदा देवघेवीबद्दल बोलतो, कपाटाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. कुलूप आम्ही लावले.

शाळांचेही वेगळे नाही. २००७ साली किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावरून गदारोळ झाला, आणि महाराष्ट्र व गुजरात दोन्ही राज्यांनी तो शाळांतून नाकारला. १९६० साली भांडून वेगळे झालेल्या दोन भावंडांचे या एका गोष्टीवर एकमत झाले. २०२४ च्या सप्टेंबरात मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रणाविषयी कडक निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात शाळांतून लैंगिक शिक्षणाची गरजही सांगितली. जे चित्रण मुलाच्या शोषणातूनच तयार होते त्याला कसलीही सूट नको, आणि जे ज्ञान मुलाला त्या शोषणापासून वाचवते ते अडवू नका. या दोन गोष्टी एकाच कपाटात कोंबण्याची आपली जुनी सवय आहे.

आता रेघ कुठे आहे

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुने २९२ म्हणजे आता २९४, आणि २९३ म्हणजे २९५. वीस वर्षे गेली, तिथे 'बालक' हा शब्द आला, म्हणजे अठरा वर्षांखालचा. नव्व्याण्णव वर्षांनी रेघ सज्ञान वयाच्या रेघेवर आणून बसवली. एक विसंगती मात्र मजेशीर आहे. सर्वसाधारण गुन्ह्याचा पहिला दंड पाच हजारांपर्यंत वाढवला, पण बालकाला देण्याचा दंड १९६९ चाच, दोन हजार रुपये. कैद अर्थातच तिथे जास्त आहे. आमच्या खात्यात एखाद्या नकाशावर अशी दुरुस्ती राहून गेली असती तर वरिष्ठांनी लाल शाईने गोल केला असता.

आता समितीची बैठक. मी मसुदा नेला होता. कुलूप काढावे. आरोग्य आणि शरीरशास्त्राची पुस्तके सर्वांना खुली. प्रौढांसाठीची पुस्तके टेबलामागच्या फळीवर, अठरा वर्षांच्या कार्डावरच मिळतील. आणि चौथे, एखादे पुस्तक त्या फळीवर ठेवायचे तर कुणी ठेवले, का ठेवले, हे वहीत लिहायचे, सही करायची, आणि दर वर्षी पुन्हा पाहायचे.

एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "लिहायला सोपे आहे. उद्या एखादा बाप पुस्तक घेऊन दारात उभा राहिला तर तुम्ही येणार का पुढे?" प्रश्न खरा होता. त्यांनी चाळीस वर्षे मुले सांभाळली आहेत, मी पाइप सांभाळले. मी म्हटले, "सर, म्हणूनच वही. बाप आला तर आपण काय वाचून ठरवले ते दाखवता येईल. कुलूप काहीच दाखवत नाही."

लिंबायतहून येणाऱ्या एक ताई आहेत, खान्देशातल्या, ताप्ती लाइनने आलेल्या कुटुंबातल्या. त्या सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "माझी पोर तेरा वर्षांची. तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी कारखान्यात होते. तिनं मोबाइलवर शोधलं, आणि काय काय निघालं ते तिनं मला सांगितलं पण नाही. तुमच्या कपाटात पुस्तक होतं म्हणता ना?"

कुणी काही बोलले नाही. मी लाल खुणांची यादी पुढे केली. पुस्तिकेची नोंद तिसऱ्या पानावर होती.

तिन्ही मुद्दे मंजूर झाले. चौथा, सहीचा, त्या दिवशी लांबणीवर पडला. आपले नाव लिहून 'हे मी मुलांपासून दूर ठेवले' असे म्हणायला कुणी पटकन तयार होईना. मला त्यात एक उत्तर मिळाले. इतकी वर्षे कुलूप सोपे का वाटले, तर त्यावर कुणाची सही लागत नव्हती. पुढच्या बैठकीत निवृत्त शिक्षकांनीच तो मुद्दा पुन्हा मांडला आणि पहिली सही त्यांनी केली, 'सखाराम बाइंडर'पुढे. कारणाच्या रकान्यात लिहिले: 'हिंसा आहे, समजायला वय हवे. अठरानंतर अवश्य वाचावे.' शंभर वर्षांच्या कायद्यांत मला इतके नेमके वाक्य सापडले नव्हते.

काकांना हे सांगायचे राहून गेले, ते आता नाहीत. त्यांनी मला खोटे सांगितले नव्हते, आणि त्यांना त्याहून जास्त कुणी समजावूनही दिले नव्हते. २००६ साली माझे वय छत्तीस होते, रेघेच्या चांगलेच पलीकडे, आणि तरी मी ते कुलूप तोडले नाही. ती जबाबदारी कायद्यावर ढकलता येत नाही.

पाळीवरची पुस्तिका नवी आणून ठेवली आहे. 'समाजस्वास्थ्य'चे खंड मात्र गेले ते गेले. मंडळाच्या सभासदांपैकी कुणाच्या घरी, पोटमाळ्यावर, आजोबांच्या पेटीत त्या मासिकाचे सुटे अंक असतील तर पुढच्या बैठकीला घेऊन या. फाटके असले तरी चालतील. ते वरच्या मजल्यावर ठेवू, उघड्या फळीवर.